डाव्या कोपऱ्यातलं बटण

आमच्या ऑफिसात सगळ्यांना नवीन कॉम्प्युटर मिळाले, त्या दिवशी सोपाननाना जेवायला कॅन्टीनमध्ये आले नाहीत. अर्ध्या तासानं आम्ही जेवून परत आलो, तर सतरा पडद्यांवर एकच चमत्कार झालेला. नव्या सिस्टिमबरोबर सकाळी पडद्याच्या खालच्या पट्टीत मधोमध येऊन बसलेलं स्टार्टचं बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात, म्हणजे गेली कैक वर्षं होतं तिथं, गेलं होतं. सतरा माणसं आपला कॉम्प्युटर उघडा टाकून जेवायला जातात, हेही मला त्याच दिवशी कळलं.

मी नानांना गाठलं. ते आता कुठे आपला डबा उघडत होते.

"नाना, हे काय केलंत?"

"बटन जागेवर ठिवलं."

"कंपनीनं ते मधे दिलंय."

"व्हय. पन मधी ठेवायचं ह्ये कुनी ठरवलं?"

'हे कुणी ठरवलं?' हा प्रश्न नाना दिवसातून दहा वेळा विचारायचे.

मी त्या कंपनीतला आयटीवाला. आमचा कारखाना चाकणला आहे. गाडीचं दार लावताना 'खट्' असा जो आवाज येतो ना, ते कुलूप आम्ही बनवतो. कुलपं बनवणारी माणसं पाचशे आणि त्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारा मी एकटा, त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झालेला आहे. त्या तिरसटपणात निम्मा वाटा तरी सोपाननानांचा असेल, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

हजेरीवरचं नाव सोपान ज्ञानोबा गाडे. मूळचे चिखलीचे गाववाले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं कमी. पूर्वी फिटर होते. खांदा दुखावला तेव्हा कंपनीनं त्यांना क्वालिटीच्या रेकॉर्डवर, टेबलापाशी बसवलं. कॉम्प्युटरचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. पण कुठली सेटिंग कुठल्या खिडकीत, कितव्या ओळीत लपवलेली आहे, ते मला शोधावं लागायचं आणि नानांना पाठ असायचं.

कॉम्प्युटर आपल्या मनानं जे जे करतो ते सगळं नानांच्या डोळ्यांत खुपायचं. आमच्या एका खिळीचा ड्रॉइंग नंबर ४-१२ आहे. तो तक्त्यात टाकला की कॉम्प्युटर लगेच त्याची चार डिसेंबर करतो. नाना शांतपणे विचारायचे, "खिळीचा वाढदिवस हाय का?" मग तो अख्खा रकाना आधी 'मजकूर' कसा करायचा, ते दाखवायचे. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसायचं. "भाईर ऊन हाय ते खिडकीतून दिसतंय की." ते बंद. प्रिंटरमध्ये कागदाचा आकार आपोआप 'लेटर' असा यायचा, आणि आपल्याकडे सगळा कागद ए-फोर. "ह्यो लेटर कागद चाकनमधी कुनी डोळ्यानं पाह्यलाय का? मंग ह्ये कुनी ठरवलं?" तेही बंद.

इथवर असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. पण नानांची एक भलतीच खोड होती. त्या सतरा कॉम्प्युटरांचा प्रसंग सोडला, तर ते स्वतः कुणाचं काही बदलून देत नसत. माणसाला खुर्चीत बसवायचं, आपण मागं हात बांधून उभं राहायचं आणि त्याच्याकडून करून घ्यायचं. झालं की म्हणायचे, "आता व्हतं तसं करा आन् परत करून दाखवा." माणूस दाखवायचा. सुटलो असं त्याला वाटायचं. आठ दिवसांनी नाना पुन्हा हजर. "त्या दिवशीचं ध्यानात हाय का? दाखवा बरं." पंचवीस वर्षांची इंजिनियर पोरं त्यांना जिन्यात पाहिलं की दुसऱ्या जिन्यानं जायची. दहापैकी नऊ जण विसरलेले असत. नाना रागावत नसत. फक्त त्यांचा चेहरा थोडा उतरायचा, आणि एवढ्याशा गोष्टीवर चेहरा काय पाडायचा, म्हणून आम्ही मागं हसायचो.

एकदाच त्यांनी माघार घेतली. एचआरच्या जोशी मॅडम त्यांना म्हणाल्या, "नाना, मला ते बटण मधेच आवडतं. छान दिसतं." नाना त्यांच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. "तुमी सोता ठरवलंय न्हवं? मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि निघून गेले. मॅडमना वाटलं, म्हातारा रुसला. तो रुसवा नव्हता, हे आता मला कळतं.

मग हेड ऑफिसचा हुकूम आला की यापुढं कुणीही आपल्या कॉम्प्युटरवरची सेटिंग बदलायची नाही. बदलली तरी सकाळी मशीन चालू करताना सगळं आपोआप कंपनीनं ठरवलेल्या जागी जाईल. तो हुकूम अमलात आणणारा मी. खरं सांगायचं तर मला मजा आली. नाना आता काय करतात, ते बघायला मी मुद्दाम त्यांच्या टेबलाकडे गेलो. त्यांच्याही पडद्यावर बटण मधोमध होतं. पण ते एकदम दुसरंच बोलले.

"महेशराव, आपली जुनी मशीनं भंगारात चाललीत म्हनं."

"हो, सोमवारी. कुदळवाडीचा टेम्पो येणार आहे."

"त्यातलं एक मला पायजे. माझंच जुनं. हाय तसं. आतलं कायबी काढू नगा."

मी म्हणालो, तसं करता येत नाही. आतली डिस्क काढून तिला भोक पाडायचं आणि मगच मशीन द्यायचं असा नियम आहे. नाना मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "घरचं मशीन कुरकुर करतंय राव. ते अन् हे येकाच जातीचं हाय. ह्ये जोडीला असलं तर माझी काळजी मिटंल." एवढं सलग बोलणं त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "नाना, आता नवीन घ्या की. किती दिवस जुन्याला कवटाळून बसणार?"

सोमवारी टेम्पो गेला. डिस्कना भोकं मीच पाडली.

मंगळवारी नाना कामावर आले नाहीत, बुधवारीही नाहीत. असं कधी झालेलं कुणाला आठवेना. आमची सुट्टी गुरुवारची. गुरुवारी सकाळी मी अंथरुणातच होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. "मंगळवारपास्नं मशीन चालूच व्हईना. सुट्टीच्या दिवशी तरास देतो. याल का?" मी शक्य तितका त्रासलेला आवाज काढला आणि निगडीहून गाडी काढली.

चिखलीत नानांचं घर वर्कशॉपांच्या गर्दीत आहे. खाली लेथ चालतात, मधल्या मजल्यावर भाड्यानं राहणारी कामगार मंडळी, आणि वर नाना. दार उघडल्यावर आधी दिसली ती रस्त्याकडची मोठी खिडकी. खिडकीशी टेबल, टेबलावर आमच्या ऑफिसात होता तसाच जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्या काळ्या पडद्यापुढं ताठ बसलेली एक बाई. वय तिशीच्या पुढं. केस नीट विंचरलेले, दोन वेण्या. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"ही राणी. माझी ल्येक," नाना म्हणाले. "मंगळवारपास्नं अशी बसलीया. चहाबिगर पोटात काय न्हाई."

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. राणी लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तिचं जग असंच राहणार. ज्या जागी जे आहे ते तिथंच असलं की ती सुखात असते. एखादी वस्तू हलली की तिला सगळं घरच हलल्यासारखं होतं. आई होती तोवर दोघं मिळून निभावत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली. दिवसभर शेजारची एक बाई येऊन बसते. पण राणीला खरं सांभाळतं ते हे मशीन. खालच्या स्टॉपवर बस थांबली की तिचा नंबर राणी तक्त्यात लिहिते, पुढच्या रकान्यात वेळ. अकरा वर्षं लिहितेय.

"आन् ह्या कॉम्प्युटरवाल्यांना काय खोड हाय? महिन्याला अपडेट पाठवत्यात. कधी रंग बदलतो, कधी आवाज, कधी चित्र. एकदा सुरू व्हतानाचा आवाजच काढून टाकला. दोन दिस रडत व्हती. मंग मी शिकलो. अपडेट आलं की पहाटं उठायचं, ती उठायच्या आत समदं व्हतं तसं करून ठेवायचं. मी बदलत न्हाई वो महेशराव. बदललेलं माघारी आनतो."

"ऑफिसात का नाही सांगितलंत कधी?"

"सांगितलं की लोक अरेरे करत्यात. मंग तिला बघायला येत्यात."

मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली, की मी उठून मशीन उघडायला घेतलं. त्याचा मुख्य बोर्डच जळाला होता. तसला बोर्ड आता बाजारात मिळत नाही. माझ्या हाती तसले चाळीस होते आणि ते मी सोमवारी टेम्पोत भरून दिले होते. हे मी नानांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुमचा काय दोष? नेम हाय तो," आणि मला पाणी आणून दिलं.

माझा स्वतःचा एक कॉम्प्युटर घरी पोटमाळ्यावर पडून होता. जाऊन तो आणला. त्यात सिस्टिम नवी होती, म्हणजे बटण मधोमध असलेली. राणीचा पडदा, कीबोर्ड आणि माऊस तेच ठेवले आणि जुनी डिस्क फक्त तिच्या तक्त्यासाठी जोडली. राणीला शेजारच्या बाईंनी आतल्या खोलीत नेलं. नानांनी कपाटातून एक वही काढली. तिच्यात बारीक अक्षरात चौसष्ट कलमं होती. बटण डावीकडे. पट्टीचा रंग निळा. घड्याळात सेकंद नको. पडद्यावरची चित्रं पाच, या क्रमानं. सुरू होतानाचा जुना आवाज त्यांनी वेगळा जपून ठेवला होता. मी म्हणालो, इंटरनेटच काढून टाका म्हणजे अपडेटची कटकट नको. नाना म्हणाले, करून बघितलं, पण मग कोपऱ्यातली नेटची खूण बदलते आणि ती तिला लगेच दिसते.

नाना एकेक कलम वाचत होते, मी करत होतो. साडेचार तास लागले. इतक्या वर्षांत कुठलंही मशीन मी इतक्या काळजीनं लावलेलं नाही. शेवटी तक्ता उघडला. वेळेचा रकाना अरुंद होता, म्हणून त्यात वेळेऐवजी नुसत्या जाळीच्या खुणा, म्हणजे #####, दिसत होत्या. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या कुणाचाही हात अशा ठिकाणी आपसूक जातो. मी रकान्याच्या कडेवर दोनदा टिचकी मारली. रकाना रुंद झाला आणि अकरा वर्षांच्या सगळ्या वेळा लख्ख दिसू लागल्या. तसंच सेव्ह करून मी मशीन बंद केलं. नाना तेव्हा राणीला आणायला आत गेले होते.

राणी आली. तिनं मशीन चालू करायचं बटण दाबलं. जुना आवाज आला. तिनं डोळे मिटून तो ऐकला, पाच चित्रं पाहिली, डाव्या कोपऱ्यातलं बटण पाहिलं आणि खुर्चीत बसली. नानांनी माझा हात धरला होता. मग तिनं तक्ता उघडला, आणि तिचा श्वास एकदम वर चढला. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई, न्हाई, न्हाई." दोन्ही हातांनी ती आपल्या मांड्यांवर मारू लागली.

माझ्या काहीच ध्यानात येईना. नानांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना कळलं. जाळ्या गेल्या होत्या. अकरा वर्षं तिनं त्या रकान्यात जाळ्याच पाहिल्या होत्या. तो तिचा तक्ता होता. नाना खाली वाकले, माऊस हातात घेतला आणि रकाना हळूहळू अरुंद केला. थोडा जास्त झाला. पुन्हा सैल केला. बरोबर पाच जाळ्या दिसल्या तेव्हा राणीचे हात थांबले. खाली बस लागली होती. तिनं मान वळवून नंबर वाचला आणि लिहिला.

मी माफी मागू लागलो तर नाना हसले. "चूक दुरुस्त केली तुमी. समदेच करत्यात. म्या पन येकदा केली व्हती."

मग चहा झाला. बशीत बिस्किटं होती, त्यातली दोन राणीनं खाल्ली. नाना माझ्याकडे न बघता बोलू लागले. "ऑफिसात सगळी मला हसत्यात, ठाव हाय मला. पन म्या बघत व्हतो, कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय का. पोरगा हुशार असतो, पन आठ दिसांत इसरतो. माझं वय झालं. उद्या मी पडलो तर महिन्याच्या त्या अपडेटचं कोन बघनार? तिला खायला घालनारी मानसं मिळतील. ह्ये कोन करंल?"

मी म्हणालो, "मी करीन." इतक्या लवकर म्हणालो, की नानांना खरं वाटलं नसावं. त्यांनी वही माझ्याकडे दिली नाही.

त्यांनी मला शिकवायला घेतलं. दर महिन्याला अपडेटच्या पहाटे मी चिखलीला जायचो. ते मागं हात बांधून उभे राहायचे, मी करायचो. पहिल्या महिन्यात सात चुका काढल्या, दुसऱ्यात तीन. ऑफिसात माझा तिरसटपणा कमी झाला, असं जोशी मॅडम म्हणतात. मला तसं वाटत नाही. चौथ्या महिन्यात एकही चूक निघाली नाही, तेव्हा नानांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता माझं हर्नियाचं आपरेशन करून घ्यायला हरकत न्हाई." ते दुखणं नाना तीन वर्षं अंगावर काढत होते, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला आणि नेमकं आदल्या संध्याकाळी अपडेट आलं. नाना पिंपरीच्या दवाखान्यात दाखल झालेले. राणीची आत्या घरी येऊन राहिली होती. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सहाला मी पोचलो. बटण पुन्हा मधे सरकलं होतं, दोन चित्रं नवी आली होती आणि पट्टीचा रंग बदलला होता. वही समोर ठेवून चौसष्ट कलमं केली. रकान्यातल्या जाळ्या दोनदा मोजल्या. आठ वाजता राणी उठून आली आणि टेबलापासून चार पावलांवर थांबली. रोज मागं नाना असतात. आज मी होतो. तिनं नानांच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आत्याबाई हातात पातेलं धरून तशाच उभ्या.

तेवढ्यात फोन वाजला. नाना होते.

"बसली का?"

"अजून नाही, नाना. बघतेय."

मागून नर्सबाईंचा चिडका आवाज येत होता, "आजोबा, द्या बरं तो फोन इकडे. डॉक्टर थांबलेत तुमच्यासाठी."

"थांबू द्या त्येंला," नाना म्हणाले.

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. तिकडून नानांचा श्वास ऐकू येत होता. राणी एक पाऊल पुढं आली, मग आणखी एक. तिनं मशीनचं बटण दाबलं, आवाज ऐकला. खुर्ची ओढली.

"बसली, नाना."

"नंबर लिव्हला का?"

खाली बसनं ब्रेक मारला. राणीनं मान वळवली, आणि तिची बोटं हलली.

"लिहिला."

फोन नानांनी कानापासून दूर नेला असावा, कारण पुढचे शब्द लांबून आले आणि ते माझ्यासाठी नव्हते.

"घ्या बाई हा फोन. द्या म्हनावं आता भूल."